रुमाल टाकून धरलेली जागा

ओकेरुवा, ४ जून

चि. मोरोनफोला हिस आशीर्वाद.

हे पत्र कामोरूच्या बसने अबुजाला येतंय. फोन करा म्हणतेस, पण लाकडाच्या गिरणीतल्या करवतीने माझे कान कधीच खाल्ले. फोनवर मी नुसता हो-हो करतो आणि मग कशाला हो म्हटलं याची काळजी करत बसतो. मागे तुझ्या सुनेला असाच हो म्हणालो, तर तिने दोन बकऱ्या पाठवून दिल्या. एक अजून माझ्या दारातली पपई खातेय.

तुमच्या कुदळ पक्षाने अल्हाजी बर्दे यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं ते वाचलं. आता रोज एकच चर्चा. त्यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी कोण? रौफूच्या पेपरच्या टपरीवर आम्ही फुकटे वाचक सकाळी जमतो. विकत घेणारा एखादा, वाचणारे वीस. मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे, कारण अर्धीमुर्धी का होईना मी मिशनची शाळा पाहिली आहे. बहिऱ्याचा आवाज मोठाच असतो, असं टिटीचा बाप म्हणतो. तो न्हावी तुला आठवत असेल. त्याची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार आहे.

अल्हाजी उत्तरेचे आणि मुसलमान, म्हणजे जोडीदार दक्षिणेचा आणि ख्रिस्ती हवा, हे शेंबडं पोरही सांगेल. पेपरात तीन नावं आहेत. नदीकाठचे ते गव्हर्नर, लागोसचे बिशप आणि आपल्याच भागातला बॅरिस्टर ओयेडिरान. हा ओयेडिरान परवापर्यंत दुसऱ्या पक्षात होता ना? भर सभेत तुला भाड्याने टाळ्या वाजवणारी म्हणाला होता तोच हा. टिटीचा बाप माझ्या कानाशी येऊन ओरडला, "म्हातारबा, बिशपच घेतील बघ. हरले तर निदान प्रार्थना तरी करेल." सगळे हसले. मीही हसलो. पण तीस वर्षं तू या पक्षाच्या बायका सांभाळतेस. तिन्ही नावांत तू कुठेच नाहीस. याचं मला बरं वाटतं आणि वाईटही वाटतं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला विचारू नकोस.

त्या लोकांच्या घरी काही खाऊ नकोस. रक्तदाबाची गोळी पर्समध्ये ठेव, गाडीत ठेवू नकोस, गाडी चोरीला जाते.

तुझा दादा,
एझेकिएल

*

अबुजा, १२ जून

ती. दादांना दोन्ही गुडघे टेकून नमस्कार.

बकरी कापा. किती दिवस पपई खाऊ घालणार आहात तिला?

तुमच्या टपरीवर तीन नावं आहेत, इथे तीसच्या वर. प्रत्येकाचा मेहुणा अल्हाजींच्या फाटकाशी उभा आहे. गव्हर्नरसाहेब रोज कळवतात की आपल्याला इच्छा नाही, आणि रोज येऊन बसतात. बिशपना देवाने होकार दिलाय म्हणे, त्यांच्या बायकोने नाही. ओयेडिरान परवा माझ्या पाया पडायला वाकला. म्हटलं, बॅरिस्टर, पाठीत लचक भरेल, राहू द्या.

माझं म्हणाल तर अधिवेशनाला बायकांच्या चाळीस बसा आणल्या, सगळ्यांना एका रंगाचं कापड दिलं, त्यांचं खाणंपिणं पाहिलं. पक्षात मला ममा म्हणतात. ममांचं नाव आभार मानताना शेवटून दुसरं येतं, फक्त जनरेटरवाल्याच्या आधी. यापेक्षा जास्त मी मागितलं नाही आणि कोणी दिलंही नाही. तेव्हा तुम्ही डोकं तापवून घेऊ नका.

तुमची,
मोरोनफोला

*

ओकेरुवा, २० जून

चि. मोरोनफोला,

काल सकाळी रौफू धापा टाकत घरी आला. हा माणूस टपरी सोडून कधी उठत नाही, म्हणून मला वाटलं कोणी गेलं. त्याने पेपर माझ्या हातात कोंबला. पहिल्या पानावर अल्हाजी बर्दे आणि शेजारी तू, त्या हिरव्या फेट्यातला तुझा जुना फोटो. खाली तुझं पूर्ण नाव. निवडणूक आयोगाकडे उपाध्यक्षपदासाठी तुझं नाव गेलं. मी ते चारदा वाचलं. मग टपरीवर जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि वाचताना आवाज फुटला तो पहिल्यांदाच.

ढोलवाले आले. आपल्या आजोबांच्या नावाने वाजवत राहिले. शेजारच्या बाया नाचल्या. मग टिटीच्या बापाने माझा हात धरून मला बाजूला घेतलं. म्हणाला, "शेवटचं वाक्य वाचलंस का? बारीक अक्षरातलं." मी वाचलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं की हे नाव तात्पुरतं असल्याचं पक्षातल्या काहींकडून कळतं. तो म्हणाला, "आयोगाला ठरल्या तारखेला दोन नावं लागतात. एकच असेल तर फॉर्म घेत नाहीत. पुढे महिनाभर दुसरं नाव बदलायची सोय असते. म्हणून कुणाचं तरी घालून ठेवतात. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. तुझी बहीण रुमाल आहे."

मी त्याला म्हणालो, तुझ्या तोंडात किडे पडोत. पण रात्रभर डोळा लागला नाही.

आज आपल्या राजांनी, ओबांनी, वाड्यावर बोलावलं. गुडघ्यांची बोंब आहे तरी रिवाजाप्रमाणे पालथा पडलो, उठवायला दोघे लागले. ओबा म्हणाले, "एझेकिएल, गावाच्या सगळ्या बायकांची प्रमुख, आपली इयालोदे, मरून सहा वर्षं झाली. ती जागा मी कोणाला दिली नाही, कारण त्या तोलाची बाई नव्हती. तुझी बहीण या देशाची उपाध्यक्ष होणार असेल तर तो मान तिचा. आजूबाजूच्या चार ओबांना मी आमंत्रण धाडीन. पण मी काहीबाही ऐकतोय. तू तुझ्या घराचा कर्ता आहेस. कोलाचं फळ फोडून माझ्यासमोर सांग की नाव खरं आहे, मग मी विचारणार नाही." मी आठवडाभराची मुदत मागितली. कोलाचं फळ फोडून दिलेला शब्द म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तो मोडला की त्या घराला वाड्यावर बसायला जागा राहत नाही.

म्हणून एकच ओळ लिही. खरं असेल तर खरं. रुमाल असलीस तर रुमाल. रुमाल असलीस तरी मला चालेल, माझी बहीणच आहेस. मी ओबांना म्हणेन, मानाचं नंतर बघू. फक्त मला आधी कळू दे.

दादा

*

अबुजा, २५ जून

ती. दादा,

तुम्ही एक ओळ मागितलीत, मी जास्त लिहिते.

त्या दिवशी अल्हाजींच्या घरून गाडी आली. दिवाणखान्यात पक्षाचे अध्यक्ष आणि दोन वकील होते. मी नेहमीप्रमाणे मागच्या खुर्चीवर बसले. अल्हाजी म्हणाले, "ममा, पुढे या. तुमच्याशिवाय इथे माझ्याशी कोणी खोटं न बोलणारं राहिलेलं नाही." कागदावर माझी सही घेतली. बाहेर पडताना ते फाटकापर्यंत सोडायला आले. गव्हर्नरला ते कधी पायरीखाली सोडायला उतरले नाहीत, हे साऱ्या अबुजाला माहीत आहे.

लोक जळतात, दादा. बाईचं नाव वर आलं की ते तात्पुरतंच असणार, असं पुरुषांना वाटतं. टिटीच्या बापालाही वाटणारच. ज्या बायकांना मी तीस वर्षं उन्हात उभं केलं, त्यांच्यातली एक एकदा तरी सावलीत बसली पाहिजे.

नाव खरं आहे. जागा माझी आहे. ओबांना सांगा.

एवढंच करा की मिरवणूक, भिंतीवरचे फोटो वगैरे सध्या नको. अध्यक्ष म्हणाले आहेत, थोडे दिवस शांत राहा. पेपरवाल्यांशी बोलायचं नाही.

मोरोनफोला

*

ओकेरुवा, ३ जुलै

चि. मोरोनफोला,

दिला शब्द. वाड्यावर सगळे सरदार बसले होते. मी फळ फोडलं, चार फाका निघाल्या, शुभ निघालं. मी म्हणालो, माझ्या बहिणीने मला स्वतःच्या हाताने लिहिलं आहे की नाव खरं आहे. ओबांनी एक फाक खाल्ली, एक मला दिली. तारीख ठरली, जुलैचा शेवटचा शनिवार. चार ओबांना निरोप गेले. आणि मला पुढच्या रांगेत बसवलं, आपला चुलत भाऊ जेरेमाया याच्याही पुढे. त्याचा चेहरा बघायला तू हवी होतीस. आंबलेली ताडी प्याल्यासारखा झाला होता.

इकडे कापडावरून रणकंदन चालू आहे. बाजारातल्या बायकांना जांभळं हवं, चर्चच्या बायकांना सोनेरी. मी म्हटलं, तिला विचारू. तर त्या म्हणाल्या, "तिला आता देश बघू दे, कापड आम्ही बघतो." शेवटी जांभळं घेतलं. सगळ्या गावाच्या मशिनी तेच शिवतायत.

टिटीचा बाप काही बोलत नाही. त्याने न बोलता माझी दाढी केली, हे मला बोलण्याहून वाईट वाटलं.

आता काळजीचं. परवाच्या पेपरात लिहिलंय की ओयेडिरान अल्हाजींच्या बरोबर विमानाने उत्तरेला गेला. तू का नव्हतीस? आणि एकाही सभेच्या फोटोत तू अल्हाजींच्या शेजारी नाहीस. एकात तर तू मागे पंख्याजवळ उभी आहेस. मी भिंग लावून पाहिलं. रौफू म्हणतो, बाई आहे म्हणून मागे ठेवत असतील. मला मात्र ते पटत नाही. गोळी घेतेस ना?

दादा

*

अबुजा, ९ जुलै

ती. दादा,

घाईत लिहिते आहे. टपरीवरचं सगळं खरं मानू नका. पेपरवाल्यांना रोज कोणाला तरी विमानात बसवावं लागतं.

एक विनंती. समारंभ ऑगस्टच्या शेवटाला ढकलता येईल का? माझी तब्येत बरी नाही असं सांगा. ओबा तुमचं ऐकतील.

गोळी घेते. काळजी नको.

मोरोनफोला

*

ओकेरुवा, १३ जुलै

चि. मोरोनफोला,

ढकलता येत नाही. ओबा काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो. "चार राजांना बोलावून मी आता त्यांना सांगू की बाईला ताप आला? तिला ताप असेल तर ती तापात येईल. तिची आजी तापात बाजारात बसायची."

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. इतकं छोटं पत्र तू मला आयुष्यात लिहिलं नाहीस. नवरा गेला तेव्हासुद्धा तू मोठं लिहिलं होतंस. काही असेल तर अजून वेळ आहे. आज सांगितलंस तर मी ओबांच्या पायाशी जाऊन काहीतरी तोड काढीन. शनिवारनंतर सांगितलंस तर मी म्हातारा काय करणार?

कामोरूला तिथेच थांबायला सांगितलंय, उत्तर त्याच्याच हाती दे.

दादा

*

अबुजा, १८ जुलै

ती. दादा,

कामोरू दोन दिवस माझ्या फाटकाशी थांबला. मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याच्याकडे काय द्यावं ते मला सुचलं नाही. आजच्या पेपरात तुम्ही वाचलंच असेल. उद्या दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर हे पाठवते.

काल अध्यक्षांनी अल्हाजींच्या घरी बोलावलं. समोर बिस्किटं ठेवली. म्हणाले, "ममा, पक्ष तुमचे उपकार विसरणार नाही." दुसऱ्या कागदावर सही घेतली, त्यात लिहिलं होतं की मी स्वखुशीने मागे होते. बाहेरच्या खोलीत ओयेडिरान नव्या कपड्यांत बसला होता. त्याने उठून माझी पर्स धरली, गाडीपर्यंत. अल्हाजी घरात होते. बाहेर आले नाहीत.

टिटीच्या बापाचं खरं होतं. अध्यक्षांनी मला पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, "तीन माणसं तीन बाजूंना ओढतायत, ठरायला वेळ लागेल. तोवर तुमचं नाव घालू. तुम्ही भांडणार नाही, म्हणून तुमचं." मी हो म्हणाले. तुम्हाला लिहायला बसले तेव्हा मला हे माहीत होतं.

पण फाटकापाशी अल्हाजी म्हणाले होते, "कोण जाणे ममा, हे असेच भांडत राहिले तर तुम्हीच राहाल." कदाचित सवयीने म्हणाले असतील. ते सगळ्यांशी तसं बोलतात. मी ते वाक्य घरी आणलं. तुमचं पत्र आलं, इयालोदेचं वाचलं, ढोलांचं वाचलं. मला वाटलं, गावाने मान दिला, चार ओबा आले, फोटो छापून आले, तर ह्यांना मला काढणं जड जाईल. मी तुमच्या शब्दाचा टेकू लावायला निघाले होते, दादा. म्हणून खोटं लिहिलं. मग भीती वाटली आणि तारीख ढकला म्हटलं.

ओबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं नाव घ्या. मी खोटं बोलले म्हणून सांगा.

मोरोनफोला

*

ओकेरुवा, २४ जुलै

चि. मोरोनफोला,

पत्र मिळालं. ओबांना सांगितलं. झालं ते. तू आता त्याचा विचार करू नकोस.

जेवत जा. बकरी कापली. मांस चिवट निघालं.

दादा

*

अबुजा, १७ ऑगस्ट

ती. दादांना नमस्कार.

बुधवारी नव्या उमेदवाराला, ओयेडिरानला, घेऊन ओकेरुवाला आले, आणि तुम्ही भेटला नाहीत. घराला कुलूप. सभेत तुम्ही कुठे दिसला नाहीत. माझा स्वतःचा भाऊ माझ्या स्वतःच्या गावात मला भेटायला आला नाही, हे ओयेडिरानच्या माणसांनीही पाहिलं. मी म्हटलं, वय झालंय, झोपले असतील.

वाड्यावर मुजऱ्याला गेलो. पुढच्या रांगेत जेरेमाया बसला होता, आपल्या घराच्या कर्त्याची टोपी घालून. मी विचारलं, दादा कुठे? बाहेर रौफूने सांगितलं की तुम्ही ओबांपुढे म्हणालात, बहिणीने तात्पुरतं असंच लिहिलं होतं, मलाच नीट वाचता आलं नाही, माझं शिक्षण अर्धवट आणि डोळेही गेले. हे खरं आहे? माझं नाव घ्या म्हणून मी लिहिलं होतं ना? हे असं कोणी करायला सांगितलं तुम्हाला?

इयालोदे त्याच तारखेला टिटीच्या बापाच्या बहिणीला केली, तेही ऐकलं. माझ्यासाठी शिवलेलं जांभळं कापड तिच्या समारंभाला नेसले सगळे. चार ओबा आले होतेच.

मी एक ठरवलंय. ओबांच्या नावे पत्र लिहिते, सहीनिशी. खोटं मी लिहिलं, दादांनी बरोबर वाचलं होतं. ते तुम्हाला पाठवते, तुम्ही वाड्यावर वाचून दाखवा. तुमची जागा तुम्हाला परत मिळेल.

आणि आणखी एक. रागावू नका. निवडून आलो तर मला एका सरकारी मंडळाचं अध्यक्षपद द्यायचं अल्हाजींनी कबूल केलंय. त्यासाठी आपल्या भागातून मतं दिसायला हवीत. पुढच्या फेरीला बाजारातल्या बायका आणायला मदत कराल का? त्या तुम्हाला मानतात.

मोरोनफोला

*

ओकेरुवा, २६ ऑगस्ट

चि. मोरोनफोला,

बाजारातल्या बायका मला मानत नाहीत. ज्या माणसाला बहिणीचं पत्र वाचता येत नाही त्याने पुढचं काही सांगू नये, असं त्या म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

रौफूने सांगितलं ते खरं आहे. तुझं नाव घेतलं असतं तर ओबांना तुला गावाबाहेर करावं लागलं असतं. तू मेल्यावर तुला आईशेजारी पुरायलाही त्यांनी जागा दिली नसती. मी खोटा ठरलो असतो तर आपलं सगळं घर वाड्याबाहेर गेलं असतं. मूर्ख ठरलो, तर एकटा मीच गेलो. मी बसून तिन्हींचा हिशेब केला, तेव्हा हेच स्वस्त पडलं. पालथा पडून सांगितलं. ओबा म्हणाले, "मूर्खाला मी शिक्षा करत नाही. पण घराचा कर्ता मूर्ख चालणार नाही." टोपी तिथेच काढून जेरेमायाला दिली. तो रडल्यासारखं करत होता.

आता टपरीवर मी मागे उभा राहतो. पेपर रौफूचा मुलगा वाचतो. शब्द गिळत गिळत वाचतो, स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, त्याला काही कळत नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या खांद्यावरून डोकावलं, तर एकजण म्हणाला, "म्हातारबा, चित्रं बघताय?" टिटीच्या बापाने त्याला दटावलं. तो एकटाच आता माझी थट्टा करत नाही. त्याला खरं काय ते कळलेलं असावं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

आणि तू म्हणतेस, सभेला दिसला नाहीत. मी होतो. जनरेटरच्या मागे, बंद पडलेल्या ट्रकच्या सावलीत. तुला भेटायलाच निघालो होतो. तुला गरम लागतं म्हणून पाण्याची बाटली घेतली होती. म्हटलं, सभा संपली की गाठीन, म्हणीन झालं गेलं विसर, घरी जेवायला चल. कुलूप त्यासाठीच होतं.

मग ओयेडिरान बोलायला उठला. मला ऐकू आलं नाही. पण तो तुझ्याकडे हात करून काहीतरी म्हणाला आणि सगळं मैदान हसलं. शेजारच्या माणसाला मी काय म्हणाला ते विचारलं. तो माझ्या कानात ओरडला, "म्हणतोय, ममांनी माझी खुर्ची छान ऊबदार करून ठेवली." आणि तूही हसत होतीस. हसत उठलीस. खांद्यावरचं वस्त्र काढून त्याची खुर्ची पुसलीस. आपल्या गावच्या बायकांसमोर, ज्यांनी तुझ्यासाठी जांभळं शिवलं होतं त्यांच्यासमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला बसवून तू पुन्हा पंख्याजवळ जाऊन उभी राहिलीस.

पाणी मी तिथल्या एका ड्रायव्हरला दिलं आणि घरी गेलो नाही. गिरणीकडे गेलो, तुमच्या गाड्या जाईपर्यंत लाकडाच्या ओंडक्यावर बसून राहिलो.

तू मला खोटं लिहिलंस, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. तुला ती जागा हवी होती, इतकी हवी होती की माझ्याशी खोटं बोललीस. ते मला समजतं. मला वाटलं, माझ्या बहिणीने एकदा तरी स्वतःसाठी काही मागितलं. त्या बाईसाठी मी टोपी काढून दिली होती. जी खुर्ची पुसत होती तिच्यासाठी दिली नसती.

मंडळाचं अध्यक्षपद मिळालं तर कळव. मिळणार नाही. मिळालं तरी कळव.

ओबांसाठीचं ते पत्र पाठवू नकोस. टोपी एका डोक्यावरून दुसऱ्यावर गेली की परत येत नाही, जेरेमायाने आतून अस्तरही बदललंय. आणि तू पाठवलंसच, तर मी ते वाड्यावर नेऊन ओबांच्या पुढ्यात धरीन आणि म्हणेन, सरकार, हे बहिणीचं पत्र आहे, यात काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. गावात तसंच ठरलंय, आणि मीच ते पालथा पडून ठरवलंय.

गोळी घेत जा.

दादा